बांधावरची चार अंडी: मे महिन्यातल्या एका पक्षिफेरीचा प्रकरण अभ्यास

ठाणे खाडीच्या मुंबईकडच्या काठावर, भांडुप आणि मुलुंडच्या पूर्वेच्या खाजणात आमचं छोटं निसर्ग मंडळ दर वर्षी पक्षिफेऱ्या काढतं. नोव्हेंबरला सुरुवात होते आणि मे महिन्यात शेवटची फेरी असते. गर्दी सगळ्यांत जास्त या शेवटच्या फेरीलाच. शाळांना सुट्टी असते आणि पाऊस आला की रोहित (फ्लेमिंगो) निघून जाणार, हे आता मुंबईत घरोघरी ठाऊक झालं आहे. अशाच एका फेरीबद्दल इथे लिहिते आहे. तिची लीडर मी होते. त्या दिवशी कुणी पडलं नाही, कुणी हरवलं नाही, लोक खूश होऊन घरी गेले. तरीही अकरा वर्षांतला माझा सगळ्यांत चुकीचा निर्णय त्याच सकाळचा आहे. नव्या स्वयंसेवकांनी तो बारकाईने पाहावा असं मला मनापासून वाटतं.

तारीख पुढे गेली, भरती कुणी पाहिली नाही

मुळात फेरी अमावास्येच्या रविवारी ठरली होती आणि ती तारीख विचार करून निवडलेली होती. या खाडीवरच्या जुन्या कोळी मंडळींचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. प्रत्यक्षात घड्याळ अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होतं, पण अंदाज बांधायला हिशेब पक्का आहे. अमावास्येला दुपारी भरती म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. तेव्हा खाडीचा चिखल दूरवर उघडा असतो, पक्षी लांब पसरलेले असतात आणि पाणी चढू लागलं की तेच पक्षी हळूहळू काठाकडे, आपल्या दिशेने सरकतात. माणसाने एका जागी बसायचं, बाकीचं काम पाणी करतं. फेरीसाठी याहून चांगली सकाळ नाही.

त्या रविवारी मंडळातल्या एका कुटुंबात लग्न निघालं. तिघे मुख्य स्वयंसेवक तिकडे अडकणार होते, म्हणून फेरी एक आठवडा पुढे ढकलली. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप गेला, वेळ तीच ठेवली: सकाळी साडेसहा. भरतीचं कोष्टक पुन्हा उघडून पाहायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि जबाबदारी माझी होती. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे जिथे ओहोटी असायची तिथे भरती येऊन बसते. आमच्या फेरीच्या दिवशी अष्टमी होती. साडेसहाला आम्ही पोचलो तेव्हा चिखल दिसतच नव्हता. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी उंचीची भरती असल्याने पाणी उधाणासारखं चढलं नव्हतं, पण चिखल झाकायला तेवढं पुरेसं होतं. तिवरांच्या झाडोऱ्यापलीकडे नुसतं राखाडी पाणी.

चिखल बुडाला की पक्षी काय करतात, हे इथे सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. लांब पायांचे रोहित उथळ पाण्यात तग धरतात किंवा दुसरीकडे जाऊन उभे राहतात. पण तुतवार, चिखले, टिलवे यांच्यासारख्या छोट्या पक्ष्यांना पाणी चढल्यावर उभं राहायला कोरडी किंवा घोटाभर पाण्याची जागा लागते. आमच्या बाजूला ही जागा म्हणजे जुनी पडीक मिठागरं. वाफ्यांमधून बुटके बांध, मधे उघाडी (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार), कडेला मोरचूद रंगाचं साचलेलं पाणी. भरतीचे दोन-तीन तास पक्षी तिथे एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात. मे महिन्यात त्या विश्रांतीचं मोल फार मोठं असतं. मागे राहिलेले बाकदार चोचीचे तुतवार एव्हाना विटकरी लाल झालेले असतात. विणीचा पिसारा चढलेला हा पक्षी जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचा, आणि त्याला सैबेरियाच्या उत्तर टोकाच्या टुंड्रात जायचं असतं. ओहोटीला चरायचं, भरतीला ती चरबी अंगावर टिकवायची, असा त्याचा जमाखर्च चालू असतो. आपण एकदा उडवलं की तेवढा खर्च त्याच्या खात्यावर पडतो.

सत्तावीस माणसं

नोंदणी पंधरा जणांची होती. आले सत्तावीस. कुणी भाच्याला आणलं होतं, कुणी शेजाऱ्यांना. बाकीच्यांना परत पाठवायला हवं होतं असं आता लिहिणं सोपं आहे. ठाण्याहून पहिल्या लोकलने आलेल्या आजी-आजोबांना फाटकावरून परत जा म्हणणं मला जमलं नाही. स्वयंसेवक तिघे होते, त्यांतला एक पहिल्यांदाच आलेला.

पहिला तास खरं तर छान गेला. डांबरी रस्त्याच्या कडेने चालत आम्ही हळदीकुंकू बदकं पाहिली, एक जांभळी पाणकोंबडी बोरूतून डोकावून गेली, बाभळीवर सुगरणीचे नर गवताच्या पात्या ओढून आणत होते. तिवराच्या श्वसनमुळांमधे निवट्या दिसल्या तेव्हा मुलं गुडघ्यावर बसली. माशाने चिखलावर उड्या मारत चालावं, याचं आश्चर्य मोठ्यांनाही आवरत नव्हतं. मी खाडीबद्दल बोलत होते: २०१५ मधे हे अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन, २०२२ मधे नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं हे तिसरं ठिकाण. लोक ऐकत होते, पण दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "मॅडम, फ्लेमिंगो कुठायत?"

या प्रश्नाला मी दोष देत नाही. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित मेले, तेव्हापासून तर लोक अधिकच आपुलकीने त्यांची चौकशी करतात. त्या दिवशी मी स्पष्ट सांगायला हवं होतं: "भरती आहे, तारीख बदलताना आमची चूक झाली, रोहित नऊनंतर दिसतील, तोवर आपण सावलीत बसू." हे एक वाक्य बोलायला मला लाज वाटली. त्याऐवजी मी म्हटलं, "पुढे गेलो की दिसतील."

इशारे मिळाले होते

सव्वासातला आम्ही मिठागराच्या तोंडाशी, उघाडीपाशी पोचलो. पहिल्या वाफ्यात साठ-सत्तर छोटे पक्षी विसावलेले होते, त्यांत वीसेक लाल तुतवार. पुढच्यांनी ते पाहिले, मागचे "काय, काय?" करत पुढे आले आणि रांग मोडून अर्धवर्तुळ झालं. आधी एक टिलवा ओरडून उठला. मग सगळा थवा एकदम वर गेला, पांढरा-करडा असा दोनदा वळला आणि खाडीकडे गेला. फोटो छान आले. कुणीतरी टाळी वाजवली.

मी स्वतःला समजावलं की पाणी उतरायला लागलंच आहे, ते असेही उडणारच होते. पाणी उतरायला अजून वेळ होता. तिथून परत फिरायला हवं होतं. हा पहिला इशारा मी सोडला.

उघाडीवर खाडीत मासेमारी करणारे एक कोळी काका जाळं धूत बसले होते. आमची ओळख जुनी. ते म्हणाले, "ताई, आता कशाला आलाव? पानी बगा ना. बसा जरा, नऊला या हिकडं." मी हसून म्हटलं, "काका, लोकांना उशीर होईल." हा दुसरा इशारा.

उघाडीच्या पुढे एक आतला बांध थेट तिवरांपर्यंत जातो. त्याच्या टोकावरून खाडीचं पात्र उघडं दिसतं. हिवाळ्यात आम्ही त्यावर जातो. मे महिन्यात जात नाही, आणि हे आमच्या मंडळात सगळ्यांना माहीत आहे, कारण एप्रिलपासून शेकाटे आणि टिटव्या याच बांधांवर विणीला बसतात. तरीही आठच्या सुमारास मी सत्तावीस माणसांना घेऊन त्या बांधावर चढले. टोकाला रोहित दिसतील या आशेने, एका रांगेत, "आवाज न करता" अशी सूचना देऊन. चूक झाली ती याच क्षणी. पुढे जे घडलं ते या पावलामागून येणारच होतं.

तीस-चाळीस पावलं गेल्यावर शेकाट्यांचा आवाज बदलला. एरवीची तुटक किकी-किकी सलग झाली. एक शेकाट्या आमच्यासमोर वाफ्यात लोळल्यासारखा पंख पसरून धडपडू लागला. मागून कुणी म्हणालं, "अरे, याला लागलंय वाटतं!" त्याला काही झालं नव्हतं. आपल्याला अंड्यांपासून लांब नेण्यासाठी तो ते नाटक करत होता. मग टिटवी आली. टिटीटिटिव्, टिटीटिटिव् करत डोक्यावरून इतक्या खालून गेली की पुढच्या काकांनी टोपी धरली. मी थांबले, हात वर केला. तोवर रांगेच्या मधे असलेली आठवीतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मावशी, माझ्या बुटाजवळ अंडी आहेत."

टिटवीचं घरटं म्हणजे घरटं नव्हेच. बांधाच्या माथ्यावर तळहाताएवढा खळगा, भोवती मातीची ढेकळं आणि शिंपल्यांचे तुकडे. त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत करून फुलासारखी मांडलेली, मातकट रंगावर काळे डाग. मुलीचा बूट वीतभर अंतरावर होता. तिच्या आधी निदान दहा-बारा माणसं त्याच्या शेजारून चालत गेली होती, मीही त्यांत. कुणालाही ती दिसली नव्हती.

पुढची चार-पाच मिनिटं माझ्या हातात राहिली नाहीत. पुढचे मागे वळले, मागचे पुढे आले. अरुंद बांधावर सगळे त्या खळग्याभोवती वाकले. मोबाइल बाहेर निघाले. एका बाईंनी मुलाला गोष्ट सांगायला सुरुवात केली, समुद्राने अंडी नेली म्हणून चोचीने समुद्र उपसायला निघालेल्या टिटवीची. त्यांच्या आवाजात खरी माया होती, आणि ती माया अंड्यांपासून हातभर अंतरावर उभी होती. सगळ्यांचंच तसं होतं. घरट्याला त्रास देणारे लोक दुष्ट नसतात, हे मी त्या दिवशी फार जवळून पाहिलं. ऊन चढलं होतं, अंड्यांवरची सावली उडून वर घिरट्या घालत होती, आणि तिवराच्या शेंड्यावर दोन कावळे येऊन बसले होते. कावळा माणसांच्या घोळक्याकडे उगाच पाहत नाही.

अकरा मिनिटं

मी आवाज चढवला. फेरीत मी कधी ओरडत नाही, म्हणूनच बहुधा लोक एकदम गप्प झाले. "सगळे माझ्यामागे, आल्या वाटेने, डावीकडे न पाहता." उघाडीपाशी, बाभळीच्या सावलीत, घरट्यापासून सुमारे सत्तर पावलांवर सगळ्यांना खाली बसवलं. एका आजोबांना चक्कर आल्यासारखं झालं होतं, त्यांना कोकम सरबत दिलं, ते लगेच सावरले. मग स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) घरट्याच्या दिशेने लावला आणि सांगितलं, "ती परत येते का ते पाहायचं. आली नाही तर आपण इथूनही उठून जायचं."

टिटवी लगेच आली नाही. बांधाच्या दुसऱ्या टोकाला उतरली, दोन पावलं चालली, थांबली, मान ताठ केली. पुन्हा दोन पावलं. मधेच वाफ्यातल्या पाण्यात उतरली आणि पोट बुडवून बसली, दोन-तीनदा खालीवर झाली. आंघोळ करते आहे असं एकाला वाटलं. ती अंड्यांसाठी पाणी घेत होती. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. मग ती बांधावर चढली. पोटाची पांढरी पिसं चिकटून काळपट दिसत होती, त्यातून एक थेंब पडलेला स्कोपमधे दिसला. खळग्यापाशी येऊन तिने पाय अर्धे दुमडले, पिसं फुलवली, डावी-उजवीकडे अंग हलवत अंडी नीट पोटाखाली घेतली आणि बसली. डोळ्यापुढची लाल मांसल पाळी उन्हात चमकली. मग ती दिसेनाशी झाली. तीच टिटवी, त्याच जागी, पण मातीत विरघळून गेली.

घड्याळाप्रमाणे आम्ही बांधावरून निघाल्यापासून अकरा मिनिटं झाली होती. त्या अकरा मिनिटांत सत्तावीस माणसांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. ती मादी होती की नर, सांगता येणार नाही. दोघं सारखेच दिसतात आणि आळीपाळीने उबवतात. सुमारे चार आठवडे हे चालतं.

मग मी लोकांना सगळं सांगितलं: तारखेचं, भरतीचं, मे महिन्यात त्या बांधावर न जाण्याच्या आमच्याच नियमाचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं, हेही सांगितलं. कुणी रागावलं नाही. ज्या बाई गोष्ट सांगत होत्या त्या म्हणाल्या, "आम्हाला आधीच सांगितलं असतंत तर आम्ही बसलो असतो की." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. लोक थांबणार नाहीत, ही समजूत माझी होती.

नऊनंतर पाणी उतरलं आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली. उघाडीवरूनच, जागचे न हलता, स्कोपमधून दीड-दोनशे रोहित दिसले. निम्मे करडे होते, लहान वयाचे, ज्यांच्यात गुलाबी रंग अजून उतरायचा आहे. मोठे पक्षी पावसाच्या सुमारास निघतात, कच्छच्या रणात पाणी भरलं की तिथे वीण करतात. अशी तरुण पिलावळ काही वेळा पावसाळाभर इथेच रेंगाळते. म्हणजे ज्यासाठी मी बांधावर चढले, ते तासभर बसून राहिल्याने आपोआप मिळालं.

नंतर काय झालं

चौथ्या दिवशी मी एकटी गेले. उघाडीवरूनच स्कोप लावला, टिटवी उठेपर्यंत थांबले. खळग्यात तीन अंडी होती. चौथं कुठे गेलं ते कळायला मार्ग नाही. कावळा, मुंगूस, साप, काहीही असू शकतं, आणि आमच्या फेरीशी त्याचा संबंध नसेलही. पण बांधावर सुकलेल्या चिखलात सत्तावीस जणांच्या बुटांची वाट थेट खळग्यापर्यंत गेलेली स्पष्ट उमटली होती, आणि तीच वाट कावळ्यालाही दिसते.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं ठाम मत पडलं की मे महिन्यातली फेरी बंदच करावी. थंडीत पाहुणे पक्षी असतात, त्यांना थोडं उडवलं तर ते दुसरीकडे बसतात. विणीला बसलेल्या पक्ष्याला दुसरीकडे बसता येत नाही. तिचा मुद्दा मला खोडता आला नाही. तरी मला फेरी बंद व्हायला नको आहे. मिठागरांच्या जागेवर इमारतींची भाषा वरचेवर होते, तेव्हा 'ती पडीक जमीन आहे' हे वाक्य लोकांच्या तोंडी सहज येतं. त्या पडीक बांधावर टिटवी पोट भिजवून अंड्यांवर बसते हे ज्यांनी पाहिलं, ते तसं म्हणणार नाहीत. निदान ते सत्तावीस जण तरी नाहीत.

शेवटी फेरी ठेवायची, पण वेगळी करायची असं ठरलं. डांबरी रस्ता सोडायचा नाही. उघाडी ही शेवटची हद्द. बारा माणसं, दोन लीडर, नोंदणी नसलेल्याला फाटकावरच नम्रपणे नाही म्हणायचं, आणि हे नाही म्हणण्याचं काम माझ्याकडे. तारीख हलली तर भरतीचं कोष्टक पाहिल्याशिवाय निरोप जाणार नाही. जाहिरातीत रोहित पहिले नसतील, टिटव्या आणि शेकाटे असतील. शेकाट्याचा आवाज सलग झाला की जो कुणी आधी ऐकेल, लहान मूल असलं तरी, त्याने "मागे" म्हणायचं आणि सगळ्यांनी वळायचं. या शेवटच्या गोष्टीवर आमच्यात मतभेद आहेत. काहींना वाटतं की मुलं गंमत म्हणून "मागे" म्हणत राहतील. म्हणोत. चार वेळा उगाच मागे गेलेलं मला चालेल.

त्या आठवीतल्या मुलीचा मला नंतर फोन आला. तिने विचारलं, "मावशी, चारही आहेत ना?" मी सांगितलं, तीन आहेत. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा बूट लागला होता का?" मी म्हटलं, "नाही गं, तू तर सगळ्यांत आधी पाहिलंस. तुझ्याआधी मी तिथून चालत गेले होते." तिने पुढच्या वर्षीच्या फेरीची तारीख विचारली. मी पंचांग काढलं, मे महिन्यातली अमावास्या पाहिली, तिच्या सर्वांत जवळचा रविवार शोधला आणि पाऊणपटीचा हिशेब तिला फोनवरच करायला लावला.